मागचं धरून बसा

प्रत्येकाच्या घरात पिशव्यांची एक पिशवी असते. ती कोणी मुद्दाम जमवत नाही. बाजारातून एक पिशवी येते, ती दुसरीत जाते, दुसरी तिसरीत. एके दिवशी माळ्यावर हात घातला की पिशवीतून पिशवी निघत राहते आणि बायको म्हणते, “हे सगळं कशाला ठेवलंय?”

माझ्याकडच्या किस्स्यांचं तसंच आहे. मी एकही जमवायला गेलो नाही. मी फक्त दर शनिवारी संध्याकाळी कर्जतच्या बाजारपेठेत एका भुसार दुकानाच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसत आलो. तिथे आमचं विचारविनिमय मंडळ भरतं. खाली तांदळाची पोती, वर विचारवंत. दुकानाचे शेठ भाडं घेत नाहीत. म्हणतात, “खालच्या मालाला गिऱ्हाईक आहे, म्हणून वरचा माल ठेवायला परवडतो!”

मी मंडळाचा चिटणीस. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. मी तालुका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि निवृत्त कारकून दिसला की लोकांना आपोआप चिटणीस सापडतो.

*

मंडळ काढलं तात्या वकिलांनी. ते आता नाहीत. सुरुवातीच्या काळात मंडळात सगळे एकदम बोलत. ऐकायचं काम भिंतींकडे होतं.

एका शनिवारी दोन सभासद विज्ञान श्रेष्ठ की तत्त्वज्ञान श्रेष्ठ यावर घशाच्या शिरा ताणून भांडले. चहा थंड झाला, खालून शेठनी दोनदा हमाल पाठवून चौकशी केली, आणि शेवटी लक्षात आलं की दोघंही विज्ञानाच्याच बाजूने बोलत होते.

तात्या म्हणाले, “एवढं भांडून दोन्ही पक्षकार एकाच बाजूचे निघाले, असं कोर्टातसुद्धा होत नाही!”

आणि त्यांनी नियम केला: मागचं धरून बोला. म्हणजे असं, की बोलायला उठणाऱ्याने आधी मागचा वक्ता काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं. मागच्याने “हेच!” म्हटलं, तरच पुढे स्वतःचं बोलायचं. त्याने “हे नव्हे” म्हटलं, तर पुन्हा प्रयत्न करायचा, नाहीतर खाली बसायचं.

“जगात विचार असाच वाढला,” तात्या म्हणाले. “मागचा काय म्हणाला ते ज्याला कळलं, त्यानेच पुढचं पाऊल टाकलं. बाकीच्यांनी पाय आपटले.”

नियम लागू झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी एकाने एक वाक्य उच्चारलं. त्यानंतर सभा संपेपर्यंत जो उठेल त्याला “हे नव्हे” ऐकून खाली बसावं लागलं. दुसरं वाक्य झालंच नाही. आम्ही सगळे हिरमुसलो होतो. तात्या मात्र जिना उतरताना खुशीत होते.

“मंडळाच्या इतिहासात आज पहिल्यांदा कोणी चुकीचं काही बोललं नाही!”

*

नियम भिंतीवर असावा असं ठरलं. बाबू पेंटरला बोलावलं. ‘मागचं धरून बोला’ एवढे तीनच शब्द. तो म्हणाला, “सोडा साहेब, चुकायला जागाच कुठे आहे!”

पुढच्या शनिवारी येऊन बघतो तर भिंतीवर लाल अक्षरात, खाली नक्षीसकट: ‘मागचं धरून बसा’.

आम्ही पुसायला निघालो. पण आमचे सबनीस उभे राहिले. सबनीस म्हणजे बँकेचे निवृत्त मॅनेजर. कुठल्याही गोष्टीत खोल अर्थ शोधायची त्यांना सवय आहे; कर्जाच्या अर्जांत तो शोधला असता तर बँकेचं भलं झालं असतं. ते म्हणाले, “थांबा! ‘बोला’ हे कोणीही म्हणेल. ‘बसा’ यात स्थैर्य आहे. मनन आहे. बसल्याशिवाय उठणं नाही!” आणि चहा येईपर्यंत ते ‘बसा’ या एका शब्दावर बोलले. दोन नव्या सभासदांनी तर वहीत लिहून घेतलं.

शेवटी सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, “मला एवढं खोल म्हणायचं नव्हतं. पण राहू द्या आता. रंग वाळलाय.”

मी चिटणीस या नात्याने बाबू पेंटरला जाब विचारायला गेलो. तो ब्रश धूत होता. म्हणाला, “कागदावर ‘बोला’च होतं, साहेब. पण वर येऊन तुमचं मंडळ पाहिलं, तर ‘बसा’च बरोबर वाटलं!”

*

या सबनीसांच्या विचारांचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. पहिली दहा-बारा वर्षं त्यांचं एकच म्हणणं होतं: “आपल्याकडे कुठे काय होतं? हे सगळं तिकडचं.” मग ते मुलाकडे अमेरिकेला गेले. सहा महिने तिकडे राहिले आणि परत आले ते म्हणतच आले, “तिकडे काय आहे? हे सगळं आपल्याकडे आधीच होतं!”

हरिभाऊ बडेकर म्हणाले, “जाताना बरे व्हते. येताना इमानात उलटे बसले वाटतं.”

हरिभाऊ कडावचे. उभा जन्म मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर काढला, आता भातशेती बघतात आणि शनिवारी आम्हाला बघतात. कंपनीपेक्षा इथे वाफ जास्त निघते असं त्यांचं मत आहे.

परत आल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत सबनीसांनी सांगितलं की आजचं सगळं विज्ञान आपल्या एका प्राचीन ग्रंथात होतं.

“मग तो ग्रंथ कुठं हाय?” हरिभाऊंनी विचारलं.

“जळला.”

“तुमी वाचला व्हता?”

“अहो, शेकडो वर्षांपूर्वी जळला!”

“मग त्यात काय व्हतं ते कसं कळलं?”

“परंपरेने!”

आता हरिभाऊंची पाळी होती. नियमाप्रमाणे आधी सबनीसांचं म्हणणं सांगायचं. हरिभाऊ उठले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “सबनीस सायबांचं म्हणणं असं, की पुस्तक जळल्याबिगर त्यातलं खरं काय ते समजत नाय.”

सबनीसांचं लक्ष चहाकडे होतं. त्यांनी मोठ्याने सांगितलं, “हेच!”

*

दुसरा किस्साही याच दोघांचा. सबनीस एकदा म्हणाले, “आपण पूर्वजांच्या खांद्यावर उभे आहोत, म्हणून आपल्याला लांबचं दिसतं.” वाक्य जुनंच आहे, पण सबनीसांनी ते असं म्हटलं की जणू ते स्वतः आत्ताच चढून आले आहेत.

हरिभाऊ तरुणपणी गोविंदा पथकात होते. अंगाने भक्कम, म्हणून कायम खालच्या थरात. त्यांनी सबनीसांचं म्हणणं नीट सांगितलं, “हेच!” मिळवलं आणि म्हणाले, “मी लय वर्षं खालच्या थराला व्हतो. मला हंडी कधी दिसली नाय. आमाला दिसतात ते वरच्यांचे पाय.”

आता पाळी पुन्हा सबनीसांची. हरिभाऊंचं म्हणणं सांगायचं. सबनीसांनी घसा साफ केला.

“हरिभाऊंना असं सुचवायचं आहे, की ज्ञानपरंपरेतल्या पायाभूत घटकांच्या वाट्याला अंतिम सत्याचं दर्शन येत नाही, ही इतिहासाची एक करुण…”

“हे नव्हे,” हरिभाऊ म्हणाले.

“मग काय?”

“मी म्हणतो, पाय धुऊन चढा.”

*

आता देवधर सर. तेच या सगळ्या पिशव्यांच्या तळाशी आहेत.

सर इथल्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. तालुक्यातले निम्मे इंजिनीयर त्यांनी घडवले आणि उरलेल्या निम्म्यांना इंजिनीयर होण्यापासून वाचवलं. एकदा त्यांनी मंडळात फार सुंदर सांगितलं. आकाशातल्या ग्रहांचं कोडं कसं सुटलं? एकाने जन्मभर रात्रीमागून रात्री ग्रह बघून नोंदी केल्या. दुसऱ्याने त्या नोंदींवर गणितं मांडून ग्रहांच्या वाटा शोधल्या. मग कितीतरी वर्षांनी तिसरा आला आणि त्याने त्या वाटा तशाच का, ते सांगितलं. तिघं मिळून एक विचार!

मी म्हणालो, “सर, एकाने नोंद करायची, दुसऱ्याने बेरीज मारायची, तिसऱ्याने सही ठोकायची. आमच्या कचेरीत हे रोज चालायचं.”

सर म्हणाले, “फरक इतकाच, की त्यांच्यातल्या तिसऱ्याला कागदावर काय लिहिलंय ते कळलं होतं!”

तर या सरांचा स्वतःचा असा एक विचार आहे. एकच. पण आपल्यापैकी बहुतेकांकडे तोही नसतो. विचार असा: पुढची पिढी मागच्या पिढीकडून उत्तर घेते आणि प्रश्न घ्यायचा विसरते, म्हणून उत्तराबरोबर प्रश्नही पुढे द्यायला हवा.

हा त्यांना सुचला तो नववीच्या वर्गात. त्यांनी एका मुलाला विचारलं, “तुला रोज सूर्य फिरताना दिसतो. तरी तू लिहितोस पृथ्वी फिरते. स्वतःच्या डोळ्यांवर तुझा विश्वास का नाही?”

मुलगा म्हणाला, “मार्क जातात, सर.”

*

सर पहिल्यांदा मंडळात हे बोलले तेव्हा तात्या होते. त्यानंतर वीस वर्षं सर हा विचार मांडत आले. आणि नियमाप्रमाणे पुढचा माणूस तो स्वतःच्या शब्दांत सांगत आला. आणि सर “हे नव्हे” म्हणत आले.

तात्यांनी प्रयत्न केला. “सर म्हणतात, निकाल लक्षात राहतो, खटला विसरला जातो.”

“हे नव्हे. तुमच्याकडे खटलाच संपत नाही, विसरणार कसा?”

सबनीसांनी प्रयत्न केला. त्यांच्या प्रयत्नाबद्दल एवढंच सांगतो, की तो दोन शनिवार चालला.

खालून शेठ वर आले होते, त्यांनाही राहवलं नाही. “सर बोलतात, माल जातो, भाव विसरतो.”

“हे नव्हे, शेठ.”

हरिभाऊ म्हणाले, “सर म्हणतात, पोरं गाईड वाचतात.”

सर जरा थांबले. आमच्या आशा पल्लवित झाल्या. मग म्हणाले, “हे नव्हे. पण हेही आहे.”

मी म्हणालो, “सर म्हणतात, आदेश पुढच्या टेबलावर जातो आणि मूळ अर्ज गहाळ होतो.”

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “हे नव्हे. पण माझ्या सातबाऱ्याचा अर्ज तुमच्याच टेबलावरून गेला होता ना?”

लोक हसायचे. पण सरांचं हसणं वर्षागणिक कमी होत गेलं. एकदा जिना उतरताना मला म्हणाले, “चिटणीस, मला हार नको, सत्कार नको. माझं हे एक वाक्य कोणीतरी एकदा बरोबर सांगावं. म्हणजे ते माझ्यानंतर राहील याची खात्री होईल.”

मी म्हटलं, “सर, तुम्ही इतके विद्यार्थी घडवलेत. त्यांच्यात कोणी नाही?”

म्हणू नये ते म्हणालो.

*

कारण लवकरच खालापूरहून आमंत्रण आलं. तिथल्या एका शाळेत सरांचा जुना विद्यार्थी मुख्याध्यापक झाला होता. स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून सर. सोबतीला मी.

मुख्याध्यापक माइकवर गहिवरून म्हणाले, “आज मी जो काही उभा आहे तो सरांच्या एका वाक्यामुळे. तीस वर्षं मी ते जपलंय आणि आमच्या शाळेचं ब्रीद केलंय. सर आम्हाला नेहमी सांगायचे: प्रश्न सोडा, उत्तर धरा!”

टाळ्या! सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाच्या झालरीकडे पाहिलं.

सर बोलायला उठले. “मुलांनो, तुमच्या मुख्याध्यापकांनी माझं जे वाक्य आता सांगितलं, ते खरं तर…”

मुख्याध्यापक लगबगीने माइकपाशी आले. “सर, तुम्ही त्रास घेऊ नका. मुलांचं पाठ आहे!” आणि त्यांनी हात वर केला. सातशे-आठशे पोरं एका सुरात ओरडली, “प्रश्न सोडा! उत्तर धरा!”

परतीच्या एसटीत चौक गाव येईपर्यंत सर खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, “उच्चार मात्र स्वच्छ होते हो पोरांचे.”

*

वैशाली ही हरिभाऊंची सून. ती आणि हरिभाऊंचा मुलगा मोहोपाड्याला राहतात. ती तिथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये माल तपासते. शनिवारी दोघं कडावला जातात, जाताना वाटेत हरिभाऊंना मंडळातून उचलायचं. नवरा गाडीत बसून राहायचा, ही जिना चढून वर यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, “अण्णा, चला.”

अण्णा काही लगेच उठायचे नाहीत. मग ती टेकायची. मग ऐकायची. असं करत सभासद झाली. नवरा अजून गाडीतच असतो.

पहिल्यांदा बोलायला उठली तेव्हा नेमके आधी हरिभाऊच बोलले होते. म्हणजे नियमाप्रमाणे सासऱ्याचं म्हणणं सुनेने सांगायचं आणि सासऱ्याने ते मान्य करायचं! आम्ही सगळे सरसावून बसलो. वैशालीने तोंड उघडलं, “अण्णांचं म्हणणं असं…”

“हेच!” हरिभाऊ म्हणाले.

सबनीस म्हणाले, “अहो, तिचं वाक्य तरी पुरं होऊ द्या!”

“मला पुढं तिच्याच गाडीतनं जायाचं हाय,” हरिभाऊ म्हणाले.

वैशालीला मात्र हे पटलं नाही. ती म्हणाली, “असं चालत नाही, अण्णा. आमच्याकडे लॅबमध्ये एकाने केलेली टेस्ट दुसरा पुन्हा करतो. दोघांचे आकडे जवळपास आले तर ठीक. अगदी तंतोतंत आले की साहेब दोघांनाही केबिनमध्ये बोलावतात.”

“का बरं?” देवधर सरांनी विचारलं. ते सहसा मधे बोलत नाहीत.

“दुसऱ्याने टेस्ट केलीच नाही, सर. पहिल्याचं बघून लिहिलंय!”

*

गेल्या वर्षी सरांनी जाहीर केलं की ते कर्जत सोडणार. एकटे राहतात, गुडघे कुरकुर करतात, मुलगी नाशिकला बोलावते. रविवारी सामानाचा टेंपो ठरला. त्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता, सरांचा शेवटचा.

मंडळ भरगच्च भरलं. सरांना शाल दिली. ती सबनीसांना त्यांच्या निवृत्तीला मिळालेली होती, आणि तेव्हा देणाऱ्याला ती कोणी दिली होती ते विचारू नका. परंपरा अशीच पुढे जाते.

सर थोडकंच बोलले. “पुढची पिढी मागच्या पिढीकडून उत्तर घेते आणि प्रश्न घ्यायचा विसरते. हे असे प्रश्न जातात का? उत्तराबरोबर प्रश्नही पुढे द्यायला हवा. एवढंच. माझं नवीन काही नाही.”

सरांना जाताना काय हवंय हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक साधं “हेच!” म्हणायला मिळावं, बस.

सबनीस तयारी करून आले होते. त्यांनी उठून सरांचं वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. “का”वरचा जोरसुद्धा तसाच. आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले.

“हे नव्हे,” सर म्हणाले.

“अहो, यात एक काना-मात्रा माझी नाही!”

“म्हणूनच. माझं वाक्य तुमच्याकडे पोचलं, सबनीस. मी ते का म्हणालो, ते पोचलं का?”

“ते तुमच्या बोलण्यात नव्हतं!” सबनीस म्हणाले आणि रागाने बसले. शाल परत मागतात की काय असं मला क्षणभर वाटलं.

हरिभाऊंकडे सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, “मी नाय उठत. सर जाणार, आन् जाताना माझ्याच तोंडून चुकीचं ऐकून जाणार. नको रं बाबा.”

तेवढ्यात वैशाली उठली.

“सर म्हणतात, प्रश्न हरवत नाही. पुढच्या माणसाला तो चुकीचा ऐकू येतो. मग तो त्या चुकीच्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला लागतो, आणि शोधता शोधता त्याला तिसरंच काहीतरी सापडतं. ते तिसरं म्हणजे नवा विचार.”

हरिभाऊंनी कपाळाला हात लावला. “अगं, सर नेमकं उलटं म्हणले! हरवतो म्हणले!”

“असू दे,” सर म्हणाले. “वैशाली, मी प्रश्न काय विचारला होता?”

“प्रश्न जातात ‘कुठे’, असं विचारलंत.”

“मी विचारलं, प्रश्न जातात ‘का’.”

“‘का’? मला ‘कुठे’ ऐकू आलं.”

सर जागेवरच बसून होते. खाली शेठ कोणाला तरी कोलमचा भाव सांगत होते. मग सर म्हणाले,

“हेच!”

खोलीत गलका झाला. सबनीस ताडकन उठले, “सर, हा अन्याय आहे! मी शब्दन् शब्द सांगितलं ते नव्हे, आणि हिने साफ उलटं सांगितलं ते हेच?”

“सबनीस, तिने चुकीचं ऐकलं आणि तिला नवं सापडलं, तेही आपल्यासमोर. शिवाय पाळी तिची आहे. मागचं तिने सांगितलं, मी मान्य केलं. आता तिचं स्वतःचं ऐकू द्या.”

वैशाली म्हणाली, “माझं म्हणणं असं, की सरांचं हे चूक आहे.”

हरिभाऊ पुटपुटले, “आता मला एसटीनंच जावं लागणार.”

“म्हणजे चुकीचं ऐकून नवीन सापडतं, ते ठीक,” ती म्हणाली. “पण चुकीचं ऐकलं हे कळायला मूळ प्रश्न कुठेतरी शिल्लक पाहिजे ना? आमच्या लॅबमध्ये प्रत्येक मालाचं थोडं सॅम्पल बाटलीत राखून ठेवतात. माल कधीच गेलेला असतो, बाटली कपाटात असते. प्रश्नाचं तसं करायला पाहिजे. झालं.”

आता नियमाप्रमाणे पुढच्याने तिचं म्हणणं सांगायचं. पुढचे सर स्वतःच उठले. गुडघ्यावर हात देऊन, पण वीस वर्षांत उठले नसतील इतक्या चटकन. आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. जे वाक्य एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला सर इतकी वर्षं थांबले, ते फिरून त्यांच्याच पुढ्यात आलं होतं. आता फक्त ते उचलायचं!

सर म्हणाले, “वैशालीचं म्हणणं असं, की उत्तराबरोबर प्रश्नही पुढे द्यायला हवा.”

सबनीससुद्धा हसले. हरिभाऊंनी सुनेला हळूच खुणावलं, “बोल गं लवकर. हेच म्हण.”

वैशालीने जरा विचार केला.

“नाही सर, हे नव्हे. सॅम्पल आम्ही पुढे पाठवत नाही. पुढे माल जातो. सॅम्पल मागे ठेवतो. उगाच कोणी उघडायचं नाही. तक्रार आली तरच.”

सरांनी पुन्हा प्रयत्न केला. “म्हणजे, प्रश्न जपून ठेवायचा.”

“जवळ आलात. पण कोणी ठेवायचा ते राहिलं.”

“ज्याने विचारला त्याने.”

“नाही हो सर! ज्याने माल केला त्याच्याकडे कधी सॅम्पल ठेवतात का?”

दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून शेठनी खालून हाक मारली. गाडीत बसलेल्या नवऱ्याने दोनदा हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही. सर आणखी दोनदा चुकले. मग खाली बसले, खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर नाशिकला फोन लावला.

“अगं, टेंपोवाल्याला सांग, उद्या येऊ नको. नाही, तब्येत ठीक आहे. नाही गं, गुडघेही ठीक आहेत. इथे एका बाईंचं म्हणणं मला अजून नीट सांगता येत नाहीये.”